खुर्चीतला पहारा

४ मार्च, सोमवार

तारीख सुनेने घातली आहे. मला विचाराल तर आज हवा कोरडी आहे, कापूस पिंजायला बरी. मला एवढी तारीख पुरते.

डॉक्टर म्हणाला, आजींच्या पायाची सूज रोज बघा, नडगीवरची जखम बघा, झोप कशी झाली ते लिहून ठेवा. सून गेली आणि ही जाडजूड वही घेऊन आली. सुजेला एवढी वही? म्हटलं, आणलीच आहेस तर मी बोलते, तू लिही. मला अक्षरं येत नाहीत. तिला येतात, पण सांगण्यासारखं तिच्याजवळ काही नसतं.

(असतं. वेळ नसतो. – सून)

बघा, पहिल्याच पानावर वहीत घुसली.

तर सूज आहे. बोट दाबलं की खळगा पडतो आणि तसाच राहतो, ओल्या कापसात पडावा तसा. जखम भरत नाही, कारण मी आडवी होत नाही. हे गेले तेव्हापासून मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसूनच झोपते. डॉक्टर म्हणाला, "आजी, पाय वर घेऊन आडव्या झोपायला लागा, नाहीतर हा पाय ठेवता यायचा नाही." मी म्हटलं, "कुठे ठेवता यायचा नाही? जमिनीवर?" तो हसला नाही. तेव्हा कळलं की माणूस खरं बोलतोय.

गंमत अशी की आम्ही नवरा-बायकोने जन्मभर गाद्या भरल्या. अर्ध्या गावाची पाठ आमच्या कापसावर टेकली. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. अंथरुणं मी रगड पाहिली, आता पसरायला पाय राहतोय का ते बघायचं.

५ मार्च, मंगळवार

खालचं दुकान भाड्याने दिलंय. गादीचं दुकान, खाली, जिन्याच्या पायथ्याशी. तिथे आता एक बाई बसते. सुनेने तिच्या धंद्याचं नाव सांगितलं, समुपदेशक. दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा मीच हात जोडले. लोक येतात, बोलतात, ती ऐकते, लोक जातात. मी तिला कानवाली म्हणते.

सून म्हणते, कुणाला असं नाव ठेवू नये. मग काय ठेवू? शिंप्याला शिंपी म्हणायचं आणि जिचा कानावर संसार चालतो तिला समु... जाऊ दे. लिही, कानवाली.

मुलगा आज ट्रक घेऊन लांबच्या फेरीला गेला. चार दिवसांनी येईल.

९ मार्च, शनिवार

आज जिना उतरून खाली गेले. भाडेकरू जागा नीट ठेवते का, हे मालकिणीने बघायला नको?

आमच्या दुकानात जिथे कापसाचे ढीग असायचे तिथे आता ऊन पडलेलं असतं. खुर्च्या आहेत, पण एकीचा दुसरीशी मेळ नाही. एक हातांची, एक बिनहातांची, एक बुटकी, आणि एक बाक खिडकीकडे तोंड करून. जमिनीवर चटई. मी म्हटलं, "बाई, एकसारख्या घ्यायला परवडल्या नाहीत का?"

ती म्हणाली, "परवडल्या असत्या. पण आजी, सगळे लोक एकसारखे बसत नाहीत. कुणाला समोरासमोर बोलता येतं. कुणाच्या घरात मोठ्यांच्या डोळ्यांत बघून बोलणं उद्धटपणा असतो, ते बाकावर बसतात. मग आम्ही दोघं मिळून रस्ता बघतो. कुणी खालीच बसतं. तुम्हाला कुठली हवी?"

"मी बसायला आलेले नाही. बसून बसूनच तर पाय सुजलाय."

ती हसली. म्हणाली, "मग उभ्याने बोला."

अशी आहे. तोंडाला लागते, पण गोड लागते.

चटईवर टाकायला तिला चार जाड उश्या हव्या आहेत. विचारत होती, मी भरून देईन का. म्हटलं, माझे हात अजून सुजलेले नाहीत.

१२ मार्च, मंगळवार

रोज सकाळी खाली जाते. बिचारी एकटी असते, तिचे लोक दुपारनंतर येतात. मी कापूस हाताने मोकळा करते, ती खोळी शिवते. वाकडी शिवते. मी उसवून देते. परत शिवते. उसवल्याचा राग येत नाही तिला, एवढं मात्र खरं.

कुणाकुणाची काय दुखणी येतात ते काढून घ्यायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. "तो उंच माणूस काल रडत गेला ना गं?" तर म्हणाली, "आजी, गादी भरून झाली की तोंडाला टाके घालता ना? मग आत काय आहे ते तुम्ही गिऱ्हाइकाच्या शेजाऱ्याला उसवून दाखवता का?"

आमचाच दाभण, आम्हालाच टोचला.

मग मी तिलाच विचारलं, तू कुठली, कुणाची. ते तिने सांगितलं. तिची आई हॉस्पिटलात चादरी धुवायची. वाळत घातलेल्या चादरींच्या रांगांमधून ही खेळायची, पांढऱ्या बोळातून जावं तशी. बाप एका मुलखातला, आई दुसऱ्यातली, घरात दोन भाषा. "आजी, मी एका भाषेत रडायला शिकले आणि दुसरीत भांडायला."

"आणि हसायला?"

"ते दोन्हींत जमतं, पण चुकीच्या वेळी."

शिकून सवरून ती त्याच हॉस्पिटलात लागली. तिथे एक म्हातारा जहाजावरचा स्वयंपाकी आणला होता. जेवायच्या आधी मेलेल्या भावाशी दोन शब्द बोलायचा. सगळे म्हणाले, याच्या डोक्यावर परिणाम झालाय, गोळी द्या. हिने त्याच्या बहिणीला बोलावून विचारलं. बहीण म्हणाली, अहो, आमच्याकडे सगळेच बोलतात! न बोलता जेवला असता तर आम्ही घाबरलो असतो. गोळ्या थांबल्या, पण तोवर त्याचं बोलणंच थांबलं होतं. जेवणही.

"मग?"

"मग मी तिथून बाहेर पडले. आता आधी विचारते, तुमच्याकडे कसं असतं."

कापूस असा हवेत तरंगत होता. उन्हाच्या तिरिपेत एक पुंजका खाली यायलाच तयार नव्हता. आम्ही दोघी त्याच्याकडेच बघत बसलो. तो खाली आला की काहीतरी संपेल असं वाटत होतं. कुठे गेला ते कळलंच नाही.

सुजेबद्दल लिहायचं राहिलं. आहे.

१५ मार्च, शुक्रवार

खुर्चीत डोळा लागला होता. हे कापूस पिंजायची धुनकी घेऊन बसलेत, तुंग, तुंग, तुंग. कापूस उडतोय आणि दुकान भरतंय, भिंती नाहीत, पायरी नाही, नुसतं पांढरं. मी म्हणते, "अहो, पुरे, गिऱ्हाईक एकाच गादीचं आहे." हे म्हणतात, "मोठी आहे." एवढंच.

जाग आली तर सून पायाखाली स्टूल सरकवत होती. म्हटलं, जागी कशी तू? म्हणे, पाणी प्यायला उठले. या मुलीला तहान फार लागते. उठते, पाणी पिते, माझ्याकडे बघते, परत जाते. डॉक्टरला सांगायला हवं, साखर तपासून घ्या म्हणावं.

१८ मार्च, सोमवार

आज कानवालीने सरळ विचारलं. "आजी, आपण नुसत्या गप्पा मारतोय, का मी माझ्या कामाच्या कानाने ऐकू?"

मी म्हटलं, "ऐक की. फरक काय पडतो?"

"फरक एवढाच, की मग मी तुमचा पाय विसरणार नाही."

मी दाभणात दोरा ओवला. ओवताना माणसाला खाली बघता येतं. मग बोलले. हे सगळं सुनेसमोर पहिल्यांदाच बोलतेय, ती लिहिता लिहिता थांबलीय. थांबू नकोस, लिही.

दुपार होती. जेवलो, शेजारी शेजारी आडवे झालो. आमची स्वतःची गादी, मीच भरलेली. हे म्हणाले, जरा सरक. मी सरकले. मला झोप लागली, छान लागली, ढगात लागावी तशी. उठले तर हे नव्हते. होते तिथेच, पण नव्हते.

कानवालीने "अरेरे" म्हटलं नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. विचारलं, "आणि तेव्हापासून खुर्ची?"

"तेव्हापासून पहारा," मी म्हटलं. "मी आडवी झाले की घरातलं एक माणूस जातं. बसलेली असले की कुणी जात नाही. मुलगा रात्रंदिवस रस्त्यावर. मी बसलेय, तो चालवतोय. सोपा हिशेब आहे."

डॉक्टरला हे सांगितलं होतं तेव्हा तो म्हणाला होता, आजी, असं काही नसतं. जसं काही हा सगळीकडे जाऊन बघून आलाय.

कानवाली म्हणाली, "दमत असाल."

बस. एवढंच. आणि मला, का कोण जाणे, एवढं दमल्यासारखं झालं की हातातली उशी खाली ठेवावी लागली.

२१ मार्च, गुरुवार

आज आडवी झाले.

कुणी जबरदस्ती केली नाही. पाय ठणकत होता आणि मीच म्हटलं, बघू तरी. कानवाली म्हणाली होती, घाई नाही, आधी नुसतं गादीच्या कडेला बसा, हात ठेवा, गादीची ओळख पुन्हा होऊ दे. पण मी कधी कुणाचं ऐकलंय? दुपारी सून कपडे वाळत घालायला गेली आणि मी सरळ पाठ टेकली. छत किती लांब असतं! विसरलेच होते. पायातलं दुखणं मागे मागे सरकत गेलं, भरती ओसरावी तसं, आणि मी पांढऱ्यात जाऊ लागले.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. घाटात ट्रकचा टायर फुटला. गाडी कठड्याला घासली. त्याच्या कपाळाला खोक पडली, तीन टाके.

केव्हा फुटला?

दुपारी.

२२ मार्च, शुक्रवार

खुर्चीत आहे. खाली जाणार नाही. कानवालीला सांग, उश्या दुसऱ्या कुणाकडून भरून घे. बाकी काही लिहू नकोस.

(आज जखमेतून पाणी येत होतं. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर वाट बघू, मग दाखल करून पायाचं ठरवू. आईंनी हे ऐकलं आणि पाय लुगड्याखाली झाकून घेतला. – सून)

२६ मार्च, मंगळवार

कानवाली वर आली. दारात उभी राहून म्हणाली, "येऊ का? आज खुर्ची तुमची, मला कुठे बसवता ते तुम्ही सांगा."

मी म्हटलं, "बस जमिनीवर. तुझ्यामुळे माझा मुलगा मेला असता."

ती बसली, जमिनीवरच. मुलगाही घरात होता, कपाळाला पट्टी, चहा पीत. तो मध्ये पडला. "आई, टायर जुना होता. मालकाला मी महिनाभर सांगत होतो."

"तू चहा पी."

मला वाटलं, आता कानवालीही म्हणणार की टायर जुना होता. सगळ्यांकडे तेवढंच आहे. ती काय म्हणाली? म्हणाली, "आजी, पहारा मोडायचा हे मी तुम्हाला सांगणार नाही. तुमच्या घराचा पहारा, त्यावर मी कोण बोलणार? फक्त मला तो समजावून द्या. हॉस्पिटलात आम्हा सगळ्यांना रात्रपाळी असायची. तुमची पाळी कधी सुटते?"

"सुटत नाही."

"बदली कोण येतं?"

"कोण येणार?"

"हा पहारा तुम्हीच करायचा, असं ठरलंय? की कुणीतरी जागं हवं, एवढंच?"

असं कुणी विचारलं नव्हतं. हे असते तर त्यांना विचारलं असतं. ते म्हणाले असते, मोठी आहे. मी म्हटलं, "जागं कुणीतरी हवं. घरचं हवं. पण माझ्याशिवाय आहे कोण? हा रस्त्यावर. आणि ही..." मी सुनेकडे बघितलं. "ही भाजी निवडता निवडता पेंगते."

तेव्हा सून बोलली. वही लिहिणारी सून, जिच्याजवळ सांगण्यासारखं काही नसतं.

"आई, मी दिवसा पेंगते, कारण रात्री झोपत नाही. तुम्ही खुर्चीत बसता. मान कलली की पडाल, या भीतीने मी जागी असते. तुम्ही हलला नाहीत की उठून येते, श्वास बघते. पाणी प्यायला नाही उठत मी."

मुलाने कप खाली ठेवला.

मी म्हटलं, "म्हणजे एवढे दिवस या घराला दोन पहारेकरी होते? एका दारावर दोघी? आणि एकमेकींना पत्ता नाही! असा धंदा केला असता तर आमचं दुकान पहिल्या वर्षी बुडलं असतं."

मुलगा हसला आणि टाके दुखले म्हणून ओरडला. सून हसली नाही. ती रडत होती, आणि मला तिची माया आली, जी मी सहसा वहीत येऊ देत नाही. तरी लिही.

कानवालीने कुणाला पाळी वाटून दिली नाही. म्हणाली, "हे तुम्ही दोघी ठरवा." आणि उठून गेली. जाताना म्हणाली, तिच्या दोन उश्या अजून भरायच्या आहेत.

३० मार्च, शनिवार

ठरलं ते असं. आधी मी गादीच्या कडेला नुसतं बसायचं. काल बसले, परवा बसले. आज कानवाली वर येऊन शेजारी बसली, दोघींनी मिळून गादीत कुठे गाठी झाल्यात ते चाचपलं. ह्यांच्या बाजूला कापूस दबलाय. ती म्हणाली, "पिंजून नवा करायचा का?" मी म्हटलं, "नको. असू दे तसाच." ती म्हणाली, "बरं." दुसरी कुणी असती तर तासभर समजावलं असतं.

पाळीचं म्हणाल तर दुपारची. सून खुर्चीत बसणार, मी आडवी होणार. मी तिला सगळं नीट शिकवलं. पाठ ताठ. डोळे दाराकडे. पेंग आली तर पायाचा अंगठा दाब. घरातल्यांचे श्वास मध्ये मध्ये ऐकायचे. ती म्हणाली, "आई, मला वाटतं मला येतं हे."

सोमवारी डॉक्टर येऊन पाय बघणार आहे.

२ एप्रिल, मंगळवार

डॉक्टर काल आला नाही, उद्या येणार. पण आजचं लिहायचंय. लिही, आणि तुझ्याबद्दल आहे म्हणून गाळू नकोस.

दुपारी जेवण झालं. मुलगा आतल्या खोलीत झोपला, उद्या त्याला फेरीवर निघायचंय. सून खुर्चीत बसली, पाठ ताठ, डोळे दाराकडे, अगदी सरकारी पहारेकऱ्यासारखी. मी म्हटलं, "जागी आहेस ना?" म्हणाली, "आहे." मी पाठ टेकली. कानवालीची नवी उशी पायाखाली. "जागी आहेस?" "आहे, आई." असं किती वेळा झालं कोण जाणे. मग तिचा आवाज लांबून येऊ लागला, पाण्याच्या पलीकडून यावा तसा. आहे. आहे.

स्वप्न पडलं नाही. नुसतं पांढरं होतं, आणि ऊबदार, आणि त्यात मी कुठे होते ते सांगता येत नाही.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. मान वळवली. खुर्चीत सून, डोळे मिटलेले, मान एका बाजूला.

झोपली होती! पहाऱ्यावर!

हाक मारायला तोंड उघडलं. पण आधी कान लावले. आतून मुलाचं घोरणं येत होतं, त्याच्या बापासारखं, शेवटी शिट्टी. खाली कानवालीकडे कुणीतरी बोलत होतं, शब्द कळत नव्हते, नुसता सूर. रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. आणि ही, हिची छाती वर, खाली. वर, खाली.

कुणी जागं नव्हतं. आणि सगळे होते.

मी तशीच पडून राहिले. छताकडे बघत. डोळ्यांतून पाणी कानात जात होतं, गुदगुल्या होत होत्या. पुसलं नाही. वाटलं, असं असेल तर मग हे गेले तेव्हाही असंच झालं असेल. मी झोपले होते आणि बाहेर भंगारवाला ओरडत गेला असेल. हे म्हणाले, सरक, मी सरकले, आणि मग जे व्हायचं ते त्यांचं झालं. माझ्या झोपेने कुणाला ढकललं नव्हतं.

एक मात्र नवल. ही झोपली की एवढी घोरते की कपाटातल्या वाट्या वाजतात, मुलगा कानात बोळे घालतो. आज आवाजच नव्हता. चष्माही काढून घडी घालून मांडीवर ठेवलेला. पेंगणारं माणूस चष्म्याची घडी घालतं का? पण दमली असेल. दमलेलं माणूस कसंही झोपतं.

आता लिहिताना विचारलं, तर म्हणते, "नाही हो आई, डोळा लागला असेल." आणि खाली बघून हसते. कशाला हसतेस? पहाऱ्यावर झोपलेल्या माणसाने हसू नये.

लिहिलंस? सूज लिही. बोट दाब बघू. खळगा पडला, पण बघ, भरून आला. उद्या डॉक्टरला तूच दाखव, मला त्याच्याशी बोलायचं नाही, तो हसत नाही.

बरं, दिवा मालवायच्या आधी मी अजून जरा पडते. आणि अगं, ऊठ त्या खुर्चीतून, बसू नकोस तिथे. पाय सुजतील. ये, इकडे सरकते मी.